पान्हा चोरलेली म्हैस आणि मी

गडहिंग्लजजवळच्या आमच्या खेड्यात आजीच्या दावणीला तीन म्हशी होत्या. मधली तिची लाडकी. एका मे महिन्यात आजीच्या हाताला विळा लागला आणि धारेला धाकटी काकू बसली. काकूनं सगळं रीतसर केलं. कास कोमट पाण्यानं धुतली, पुढ्यात आंबोण ठेवलं, रेडकू दोन घोट पाजून बाजूला बांधलं, चरवी गुडघ्यांत धरली. म्हैस आंबोण चाटूनपुसून खाऊन मोकळी झाली, तरी चरवीचा तळसुद्धा झाकला नव्हता. काकू रडकुंडीला आली. "आत्या, आटली वो म्हस!"

आजी दारातूनच म्हणाली, "आटली न्हाई. दूध हाय गं तिच्यात, द्यायचं न्हाई तिला. चोरलाय पान्हा."

मी तेव्हा नऊ वर्षांची होते. हे वाक्य पुढे माझ्या लिहिण्याच्या कामी येईल असं तेव्हा कुणी सांगितलं असतं तर आजीच पहिली हसली असती. २०१६ साली माझा तिसरा कथासंग्रह आला, त्याचं बऱ्यापैकी कौतुक झालं, आणि एका प्रकाशकांनी कादंबरी मागितली. मी हो म्हणाले. फेब्रुवारी २०१७ मध्ये लिहायला बसले, आणि तिथपासून ऑगस्ट २०१९ पर्यंत, म्हणजे अडीच वर्षं, मला धड एक पान लिहिता आलं नाही. त्या अडीच वर्षांत आणि त्यानंतर जे कळलं ते इथे क्रमांक घालून लिहिते आहे. कनिष्ठ महाविद्यालयात तीस वर्षं मराठी शिकवल्यामुळे मुद्दे पाडल्याशिवाय मला बोलताच येत नाही.

१. आटली की चोरलाय, ते आधी बघावं

'रायटर्स ब्लॉक' हा शब्द एडमंड बर्गलर नावाच्या मनोविश्लेषकानं १९४७ च्या सुमारास रूढ केला. एकच शब्द, आणि त्यात सगळे न लिहिणारे कोंबलेले. आमच्या गोठ्यात त्यासाठी निदान तीन शब्द होते. गाभण म्हशीचं दूध वेताआधी दोनेक महिने मुद्दाम बंद करतात, ती आटवलेली. दूधही नाही आणि गाभही नाही, ती भाकड. आणि तिसरी पान्हा चोरणारी. तिघींची चरवी रिकामीच, पण इलाज तीन तऱ्हेचे. आटवलेलीला जो पिळत बसेल तो पुढच्या वेताचं नुकसान करून घेईल, आणि चोरणारीला जो विश्रांती देईल तो महिनाभरात खरंच आटवून बसेल.

आजी कासेला हात लावून सांगायची. तटतटलेली असेल तर दूध आहे. लेखकानं कुठे हात लावायचा? मी टेबलापासून लांब असताना काय करते ते बघायला लागले. स्टाफरूममध्ये मी एकेक किस्सा अर्धा अर्धा तास रंगवून सांगत होते, बहिणीला फोनवर शेजारच्या लग्नातलं मानपानाचं भांडण सर्व पात्रांच्या आवाजांसह ऐकवत होते. रात्री झोपताना वाक्यं येत होती. टेबलाशी बसलं की मात्र सगळं गप्प. म्हणजे कास भरलेली होती. हे निदान करायला मला सव्वा वर्ष लागलं. तोवर मी स्वतःला भाकड समजत होते.

२. तयारीला लिहिणं समजू नये

त्या काळात मी पुढील गोष्टी केल्या. सागवानी टेबल करून घेतलं. सुतारानं दोन महिने लावले आणि चौदा हजार घेतले. तीन प्रकारची पेनं आणली. मोबाईलवर बोलून टंकलेखन होतं म्हणून ते शिकले; त्यानं 'आंबोण'चं 'अंबानी' केलं. माळा आवरला. कादंबरीसाठी संदर्भ म्हणून ग्रंथालयातून अकरा पुस्तकं आणली आणि मुदतवाढ घेऊन घेऊन न वाचता परत केली. संगणकात 'कादंबरी अंतिम' नावाची फाइल उघडली. तिच्यात दीड परिच्छेद होता.

लोकमान्यांनी मंडालेच्या तुरुंगात 'गीतारहस्य' लिहिलं ते शिसपेन्सिलीनं. टेबल करून घेण्याआधी हे आठवलं असतं तर चौदा हजार वाचले असते.

३. गोठ्यात कोण उभं आहे ते ओळखावं

म्हैस पान्हा चोरते ती उगाच नाही. हात परका असतो, कुत्रं भुंकतं, सडाला चीर पडलेली असते, नाहीतर रेडकू मेलेलं असतं. भ्यालेल्या जनावराचं दूध उतरत नाही, एवढं साधं आहे ते. आमच्या काकूच्या बाबतीत हात परका होता.

माझ्या गोठ्यात कोण उभं होतं? शोधायला गेले तर चांगली गर्दी निघाली. संग्रहावरच्या एका परीक्षणात, आता यांच्याकडून मोठ्या कादंबरीची अपेक्षा आहे, असं छापून आलं होतं. त्यातला 'मोठ्या' हा शब्द माझ्या मानगुटीवर बसला. मी वाक्य लिहायचे आणि तो परीक्षक माझ्या खांद्यावरून वाचायचा. 'सकाळी पाणी गेलं होतं' असं साधं लिहिलं की विचारायचा, हे मोठं आहे का? मग मी ते पाणी खोडून तिथे दुष्काळ घालायचे. दुष्काळ मला येत नव्हता.

दुसरे होते एका दिवाळी अंकाचे संपादक. कथा देते असं मी फोनवर नुसतं 'बघते' या सुरात म्हटलं, तर त्यांनी जाहिरातीत माझं नाव टाकलं. दिवाळी अंक हे मराठी लेखकाचं एक वेगळंच दुखणं आहे. काशिनाथ रघुनाथ मित्रांनी १९०९ साली 'मनोरंजन'चा पहिला दिवाळी अंक काढला तेव्हापासून आपलं सुचणं पंचांगाला बांधलं गेलंय. मे-जूनमध्ये पत्र येणार, पावसाळ्यात कथा द्यायची, नवरात्राच्या सुमारास मुद्रितं. त्या वर्षी त्यांनी सात फोन केले. आठवा मी उचलला नाही. अंक आला त्यात माझ्या नावाच्या जागी एका दागिन्यांच्या दुकानाची जाहिरात होती, आणि खरं सांगते, ती बघून मला बरं वाटलं.

तिसरे आमचे हे. रोज संध्याकाळी चहाचा कप ठेवता ठेवता विचारायचे, "किती पानं झाली?" प्रेमानंच. जन्म पाटबंधारे खात्यात गेला, त्यामुळे काम म्हणजे रोजची प्रगती मीटरमध्ये, अशी त्यांची समजूत. हा प्रश्न बंद करा असं सांगायलाच मला वर्ष लागलं, कारण ते लिहिण्यापेक्षा अवघड होतं.

आता आजीनं काय केलं ते सांगते. तिनं आपलं अंगावरचं लुगडं काकूला दिलं. "हे नेस आन् बस. बोलू नको." काकू आजीचं लुगडं नेसून, डोक्यावर पदर ओढून बसली. म्हशीनं एकदा मान वळवून वास घेतला आणि दुसऱ्या मिनिटाला चरवीत धारेचा आवाज सुरू झाला. आधी पत्र्यावर पडल्यासारखा चर्र-चर्र, मग फेसात मुरलेला, जाड. तो आवाज मला अजून ओळखता येईल.

लेखकाला लुगडं बदलता येतं. मराठीत तर टोपणनावांची केवढी परंपरा आहे. खानोलकर कविता लिहायचे ते आरती प्रभू होऊन, शिरवाडकर कवितेपुरते कुसुमाग्रज. त्यांनी ती नावं का घेतली हा वेगळा विषय. मी घेतलं ते नुसतं लपायला. एका स्थानिक वृत्तपत्राच्या पुरवणीत 'घरगुती युक्त्या' असं चौकोनी सदर होतं. तिथे मी दुसऱ्याच नावानं वांग्याला कीड लागू नये म्हणून काय करावं, लोखंडी तव्याचा गंज कसा काढावा, असं लिहून पाठवलं. दीडशे शब्द. एका बैठकीत, न खोडता. तव्याबद्दल लिहिताना परीक्षक खांद्यावर नव्हता. त्याला तव्यात रस नसावा.

४. 'पत्रास कारण की'

पहिलं वाक्य अडत असेल तर जुन्या पत्राचा मायना वापरावा. 'सा. न. वि. वि., पत्रास कारण की' एवढं लिहिलं की पुढे कारण द्यावंच लागतं. आपल्या पूर्वजांनी ही सोय उगाच केली नव्हती. कोऱ्या कागदाची भीती त्यांनाही असणार. समोर एक माणूस कल्पावा, शक्यतो आपल्यावर प्रेम करणारा आणि साहित्याशी काही देणंघेणं नसलेला. मी माझ्या मावशीला लिहिते. ती जाऊन बारा वर्षं झाली, पण अजून तिला बरंच सांगायचं राहिलंय. कथा झाली की मायना काढून टाकायचा. एका कथेत मी तो काढायला विसरले, तर संपादकांनी 'प्रयोगशील निवेदन' म्हणून पाठ थोपटली.

याच मुद्द्याला जोडून कार्डाचं सांगते. अँथनी ट्रॉलप हा इंग्रज कादंबरीकार पोस्टात नोकरीला होता. पहाटे साडेपाचला टेबलाशी बसायचा, समोर घड्याळ ठेवायचा आणि दर पंधरा मिनिटांना अडीचशे शब्द लिहायचा. हे त्यानंच आत्मचरित्रात लिहून ठेवलंय. ते वाचून मला स्फुरण चढलं आणि मीही घड्याळ ठेवलं. पंधरा मिनिटांत घड्याळाकडे एकोणीस वेळा बघितलं. अडीचशे शब्द हा माझ्यासाठी डोंगर होता. पण त्याच ट्रॉलपच्या पोस्टखात्यावरून मला आपलं पोस्टकार्ड आठवलं. पन्नास पैशांचं, चौदा बाय नऊ सेंटिमीटरचं. कपाटात पन्नासेक कोरी कार्डं पडून होती. ठरवलं, रोज एक कार्ड. पत्त्याची बाजू सोडून. त्यात साठ-सत्तर शब्द मावतात, बारीक लिहिलं तर नव्वद. कार्ड भरलं की दिवस संपला, मनात असो नसो, पुढे लिहायचं नाही. ही पद्धत मी आजही वापरते. कार्डाला समास नसतो, पान उलटायचं नसतं, आणि कार्डावर कुणी महान कादंबरी लिहीत नाही.

५. दुसऱ्यांचे पाच दिवस मोजू नयेत

साने गुरुजींनी नाशिकच्या तुरुंगात फेब्रुवारी १९३३ मध्ये पाच दिवसांत 'श्यामची आई'चा बहुतेक भाग लिहिला, हे मी स्वतः तीस वर्षं वर्गात सांगत आले. मुलं आ वासून ऐकायची. स्वतः अडले तेव्हा मला त्या पाच दिवसांचा राग यायला लागला. अशा कथा लेखकाच्या डोक्याला वाईट. त्या आठवणी गुरुजींच्या आत वर्षानुवर्षं मुरत होत्या, सोबत्यांना तोंडी सांगून झाल्या होत्या, हे आपण सोयीनं विसरतो आणि पाच हा आकडा तेवढा लक्षात ठेवतो.

नेमाड्यांचंही तसंच. 'कोसला' किती भराभर लिहिली याच्या गोष्टी सगळ्यांना ठाऊक. ती १९६३ ला आली आणि पुढची 'बिढार' १९७५ ला, मधली बारा वर्षं कुणी वर्गात सांगत नाही.

६. हात गुंतलेले बरे

बहिणाबाई चौधरींना लिहिता येत नव्हतं. जात्यावर, शेतात, चुलीपाशी हात चालू आणि तोंडात गाणं. मुलानं, सोपानदेवांनी, आणि घरातल्यांनी ते टिपून ठेवलं, आणि त्या गेल्यावर १९५२ साली पुस्तक आलं, अत्र्यांच्या प्रस्तावनेसह. मी याचा अर्थ माझ्यापुरता असा घेतला की कोरा कागद ही लिहिण्याची सगळ्यात वाईट जागा असू शकते. ओवी जात्याशिवाय सुचत नाही असं आमची आजीही म्हणायची. गिरणी आली आणि ओव्या गेल्या, ही तिची तक्रार होती. पिठाबद्दल नव्हती.

मी भुईमुगाच्या शेंगा फोडते. दोन किलो शेंगा म्हणजे साधारण एक प्रसंग. भांडी घासताना संवाद चांगले येतात. चालताना मला काही येत नाही, सगळे चालायला सांगतात तरी. सांगलीच्या आयर्विन पुलावर रोज संध्याकाळी जाऊन बघितलं. तिथे विद्यार्थी भेटतात आणि गुण का कमी पडले ते विचारतात.

७. यादी करावी

यावर जरा थांबते, कारण माझी गाडी इथेच सुटली.

आम्ही सांगलीत गावभागात, तळमजल्यावर राहायचो. ऑगस्ट २०१९ मध्ये कृष्णा चढायला लागली. २००५ चा पूर आम्ही बघितला होता, त्या खुणेच्या हिशोबानं सामान माळ्यावर आणि कपाटांवर ठेवलं. पण या वेळी आयर्विन पुलाशी पाणी ५७ फुटांच्या वर गेलं. आम्ही वरच्या मजल्यावरच्या शेजाऱ्यांकडे आणि तिथून होडीनं बाहेर. आठवड्याहून जास्त दिवसांनी परत आलो तेव्हा दार उघडेना, आत गाळ बसलेला. उघडलं तेव्हा पहिल्यांदा आला तो वास. भिजून कुजलेल्या गव्हाचा वास ज्यानं घेतलाय त्याला वर्णन नको, आणि ज्यानं घेतला नाही त्याला कळायचा नाही.

माझी कादंबरीची वही टेबलाच्या खणात होती. अडीच वर्षांतली साठेक पानं, खाडाखोडीसकट. खण फुगून अडकला होता. ह्यांनी पहारीनं तोडला. आत वहीचा लगदा, निळसर. हे माझ्याकडे बघत राहिले, मी आता रडेन म्हणून. मला काय वाटलं ते त्या दिवशी मी त्यांना सांगितलं नाही. सुटल्यासारखं वाटलं.

दोन दिवसांनी पंचनाम्याला एक तरुण कर्मचारी आला. चिखलात गुडघ्यापर्यंत, चेहरा झोपेनं काळवंडलेला, दिवसाला शंभर घरं करत असावा. म्हणाला, "मॅडम, यादी करून ठेवा. वस्तू, नग, अंदाजे किंमत. बाकी काय नको. उद्या येतो."

वरच्या शेजाऱ्यांकडून दोन फुलस्केप कागद आणले आणि जिन्याच्या पायरीवर बसले. गादी, नग चार. गव्हाचं पोतं, नग एक. शिलाई मशीन, नग एक. आणि शिलाई मशीनपुढे किंमत घालताना हात थांबला. ते आईचं होतं. आईनं ते अंडी विकून घेतलं होतं, वडिलांना न सांगता, आणि घरात आणलं तेव्हा बहिणीनं दिलंय असं खोटं सांगितलं होतं. मावशीनं ते खोटं मरेपर्यंत निभावलं. मी किमतीच्या रकान्यात हे लिहिलं. पुढे पाटा-वरवंटा, नग एक, तो वाहून गेला नव्हता, पण सापडेना, त्याच्यापुढे लिहिलं. ह्यांचे बुलडाण्याच्या बदलीतले बूट. भांड्यांच्या बेरजेत एक फुलपात्र जास्त भरत होतं, ते कुणाचं ते आठवत गेले. उजेड गेला तेव्हा दोन्ही कागद पाठपोट भरले होते आणि मी गॅसच्या बिलांच्या मागच्या बाजूंवर आले होते.

दुसऱ्या दिवशी तो मुलगा आला. कागद हातात घेतले, उभ्या उभ्या वाचायला लागला. पहिलं पान उलटलं, दुसरं. मग वर बघून म्हणाला, "मॅडम, चांगलंय. पण किंमत कुठाय?"

त्याच्यासाठी दहा मिनिटांत दुसरी यादी केली. पहिली माझ्याकडे ठेवली. तिची पुढच्या वर्षी कथा झाली, यादीच्याच आकारात, नग आणि किमतीच्या रकान्यांसह. त्या अडीच वर्षांनंतर माझ्या नावानं छापून आलेलं ते पहिलं लेखन. कादंबरी झाली नाही. प्रकाशकांना तसं कळवलं, त्यांनी समजून घेतलं.

यादी करताना आपण लिहीत आहोत हे माणसाला कळत नाही, हे तिचं मर्म आहे. आता अडले की विषय शोधत बसत नाही. यादी करते. आमच्या वाड्यात राहून गेलेले भाडेकरू. मी उसने घेतलेले आणि परत न केलेले पैसे. ज्या लग्नांत जेवण संपलं ती लग्नं. सातव्या-आठव्या नगाला कुठेतरी हात थांबतो, तिथे थांबायचं आणि किमतीच्या रकान्यात लिहायला लागायचं. यादीला पूर लागत नाही, हेही सांगून ठेवते.

८. एक सड रेडकाला

आजी चारही सड कधी पिळून घ्यायची नाही. एक रेडकाचा. हेमिंग्वेचंही लिहिण्याबद्दल हेच म्हणणं होतं: पुढे काय होणार ते ठाऊक असताना थांबायचं, विहीर कोरडी करायची नाही. मी वाक्य अर्ध्यावर सोडून उठते. व्याकरण शिकवणाऱ्या बाईला याचा फार त्रास होतो आणि त्या त्रासापायीच दुसऱ्या दिवशी ती लवकर टेबलाशी येते.

९. इंजेक्शन

पान्हा सोडायचं इंजेक्शन मिळतं. ऑक्सिटोसिनचं. कायद्याला ते मान्य नाही, तरी चोरून देणारे देतात. म्हैस उभ्या उभ्या दूध सोडते आणि पुढे कामातून जाते, असं म्हणतात. माझा एक माजी विद्यार्थी प्रेमानं म्हणाला, "बाई, हल्ली मोबाईलला सांगितलं तर कथा लिहून देतो." मी सांगून बघितलं. दिली की. त्यात आई होती, पाऊस होता, अश्रू होते. अंडी विकून शिलाई मशीन घेणारी आई त्यात नव्हती.

१०. आटलेलीला आटू द्यावं

इथपर्यंतचं सगळं भरलेल्या कासेबद्दल झालं. खरोखर आटण्याचे दिवसही येतात, आणि त्यांच्याशी झगडू नये. २०२१ मध्ये कोरोनाच्या दुसऱ्या लाटेत आमच्या घरातली दोन माणसं आठ दिवसांत गेली. त्यानंतर सात महिने मी एकही कार्ड भरलं नाही, आणि या वेळी स्टाफरूमचे किस्सेही नव्हते, झोपताना वाक्यं नव्हती. कासेला हात लावून बघितला, सैल होती. मग टेबल झाकून ठेवलं. लहान मुलांची पुस्तकं वाचली, नातीबरोबर रंगवलं, कुणी लेख मागितला तर यंदा नाही म्हणून सांगितलं. आठव्या महिन्यात एके दिवशी भाजीवाल्याचं एक वाक्य पिशवीवर लिहून घरी आणलं.

भाकड म्हणजे कायमची रिकामी, असं मात्र स्वतःबद्दल स्वतः ठरवू नये. माझ्या ओळखीच्या एका कवीनं सहा वर्षं तसं ठरवून काढली. त्याला झोप नव्हती, भूक नव्हती, सकाळी उठण्यात अर्थ वाटत नव्हता, आणि तो सगळ्याला 'कविता रुसली' असं म्हणायचा. बायकोनं हट्टानं मानसोपचारतज्ज्ञांकडे नेलं. गोळ्या सुरू झाल्या, चार-पाच महिन्यांत माणूस जेवायला लागला, हसायला लागला. कविता त्यानंतर आली. झोप आणि भूक गेली असेल तर तो साहित्याचा प्रश्न समजू नका, डॉक्टरांकडे जा.

११. हे घरच्यांसाठी

हा मुद्दा लिहिणाऱ्यांनी वाचला नाही तरी चालेल. कापून फ्रिजवर लावा. तुमच्या घरात कुणी लिहीत असेल आणि अडलं असेल, तर 'किती झालं' हे विचारू नका, 'सुचेल गं' असं समजावू नका, आणि कुणा भराभर लिहिणाऱ्याचं उदाहरण तर मुळीच देऊ नका. शेंगा फोडत असेल तर समोर बसून थोड्या फोडू लागा. संपादकांनाही एक विनंती आहे: जाहिरातीत नाव टाकण्याआधी कथा हाती आली आहे का, एवढं बघत जा. माझी यंदाची कथा आज तिसऱ्या कार्डावर आहे.